तंबू पाण्याजवळ हवा, पण किती जवळ?

प्रश्न

ताई, तीन आठवड्यांनी आम्ही एका तलावाकाठच्या पार्कमध्ये दोन रात्रींच्या मुक्कामाला जातोय. मी, नवरा, ७ आणि ११ वर्षांची आमची दोन मुलं, ६८ वर्षांच्या सासूबाई, शिवाय नणंद, तिचे यजमान आणि त्यांची १५ वर्षांची मुलगी, असे आठ जण. तंबूत यापूर्वी आमच्यातलं एकही माणूस झोपलेलं नाही. मी तासातासाचं वेळापत्रक केलंय, ते सोबत पाठवते. कयाक, पोहणं, तलावाभोवती पायी फेरी, पक्षी बघणं, मासेमारी, शेकोटी, सगळं त्यात बसवलंय. नवऱ्याचा एकच हट्ट, तंबू पाण्याला अगदी चिकटून हवा, डोळे उघडले की समोर पाणी. नणंद म्हणते, एवढं काय आखतेस, गेल्यावर बघू. सासूबाई म्हणतात, मला घरीच राहू दे, माझी तुम्हाला अडचण. माझ्या वेळापत्रकात काही राहिलंय का, एवढं सांगा.

उत्तर

वेळापत्रक दोनदा वाचलं. रकाने पट्टीने आखलेत हेही पाहिलं. राहिलंय काय म्हणाल, तर रात्र. पहिल्या दिवशी साडेनऊला ‘झोप’ आणि त्याखालची ओळ थेट सकाळी सहाची, ‘सूर्योदय’. मधले साडेआठ तास कोरे! तंबूत पहिल्यांदा राहणाऱ्यांची सहल बिघडते ती नेमकी या कोऱ्या जागेत. दिवसाची मला काळजी नाही. समोर तलाव असला की मुलं पाण्यावर दगड भिरकावण्यातच तास घालवतात. पण रात्री दोन वाजता धाकटं थंडीने रडायला लागलं, किंवा सासूबाईंना बाथरूमला जायचंय आणि टॉर्च कुठल्या पिशवीत आहे ते कुणालाच आठवत नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या कयाकमध्ये कुणाचा जीव रमणार? म्हणून तुमचं वेळापत्रक मी उलटं करतेय. आधी रात्र, मग पाणी. दिवसाचं शेवटी बघू.

सुरुवात नवऱ्याच्या हट्टापासून. मला तो चांगला कळतो, कारण मीही तो केलेला आहे. आमच्या पहिल्या मुक्कामात मी सगळ्यांचा विरोध मोडून पाण्यापासून दहा पावलांवर, छान हिरवळीच्या एका खोलगट जागी तंबू ठोकायला लावला होता. हिरवळ तिथेच का आहे आणि वरच्या बाजूला का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मध्यरात्री सर आली आणि आजूबाजूच्या उताराचं सगळं पाणी आमच्या खाली गोळा झालं. गादीवर झोपले होते की पाण्याने भरलेल्या पिशवीवर, ते कळेना. उरलेली रात्र पाच माणसांनी एका गाडीत बसून काढली, आणि कुणी मला काहीही बोललं नाही, ते जास्त लागलं.

पाऊस नसला तरी काठाची जागा झोपायला वाईटच. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत सगळ्यात खालच्या जागी येऊन बसते, आणि तलावाकाठी सगळ्यात खालची जागा म्हणजे पाण्याची कड. तिथे हवा दमट, त्यामुळे पहाटे तंबूच्या कापडाला आतून दव धरतं आणि ते बरोबर कपाळावर टपकतं. डासांचं घर तिथेच. पाणी प्यायला येणारी जनावरं त्याच वाटेने येतात. तलाव धरणाचा असेल तर पाण्याची पातळी आपल्याला विचारून वरखाली होत नाही. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. ७ वर्षांचं मूल झोपेत उठून अंधारात चार पावलं चाललं, तर ती पावलं पाण्याकडे जाऊ नयेत.

मग किती लांब? कॅम्पिंग करणारे बरेच जण पाण्यापासून ६० मीटरचा नियम पाळतात. मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं. काठावरची झाडंझुडपं तुडवली जाऊ नयेत आणि आपली घाण पाण्यात जाऊ नये हा त्यामागचा मूळ हेतू, पण झोपही तिथेच चांगली लागते. तुमच्या पार्कमध्ये तंबूच्या जागा आखून दिलेल्या असतील तर प्रश्नच मिटला, बुकिंग करताना नकाशा बघून पहिल्या रांगेमागची, थोडी उंचावरची जागा मागा. नवऱ्याला सांगा, पाण्याला चिकटून घडीची खुर्ची ठेवू. पहाटेचा चहा तिथे. डोळे उघडल्यावर ८० पावलं चालायची, एवढीच तडजोड.

आता ‘गेल्यावर बघू’चं. नणंदेचं हे वाक्य सहलीच्या अर्ध्या गोष्टींना अगदी योग्य आहे, त्याकडे येतेच. पण जागेचं बुकिंग ‘गेल्यावर’ होत नाही. या आठवड्यातच पार्कच्या कार्यालयाला फोन करा आणि जागा पक्की करतानाच चौकशी करून टाका. फाटक किती वाजता बंद होतं? पोहायला परवानगी आहे का, आणि असली तर जीवरक्षक कोणत्या वेळात असतो? जमिनीवर शेकोटी चालते की ठरलेल्या चुलाणातच करावी लागते? सरपण तिथे मिळतं का? लांबून लाकडं नेऊ नका, त्यातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. मासेमारीला परवाना लागतो का? प्यायच्या पाण्याचा नळ आहे का? गाडीपासून तंबूपर्यंत सामान किती लांब उचलावं लागेल? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग पंधरा फेऱ्या मारतं.

तंबूंचा हिशेब. ‘चार जणांचा तंबू’ म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर ठेवून, कुस न बदलता मावतील असा तंबू. त्यात तीन जण धरा. तुम्ही आठ जण आहात, म्हणजे असे तीन तंबू. अकरा वर्षांच्याला आणि पंधरा वर्षांच्या आतेबहिणीला एकत्र वेगळा तंबू दिलात तर दोघं तुम्हाला जन्मभर दुवा देतील. मात्र तो तुमच्या दोन तंबूंच्या मध्ये लावा.

आणि हे तंबू निघण्याच्या आधी एकदा मोकळ्या जागेत उभे करून बघा. भाड्याने आणत असाल तर दोन दिवस आधी आणा. एखादी दांडी तुटकी आहे, खुंट्या अर्ध्याच आहेत, चेन अडकते, हे घराजवळ कळलेलं बरं. पहिल्यांदा तंबू उभा करायला तास लागतो, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. तो पहिला तास अंधार पडत असताना, उपाशी मुलांसमोर, एकमेकांवर खेकसत घालवू नका. संसारातल्या जुन्या तक्रारी बाहेर काढायला अर्धवट उभ्या तंबूसारखी जागा नाही.

पार्कमध्ये पोचल्यावर खुंटी ठोकण्याआधी वर बघा. वाळलेली किंवा मोडून लटकलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडा, सावली कितीही छान असो. मग खाली बघा, खोलगट भाग आणि मुंग्यांची वारुळं टाळा. उतार थोडा असेल तर डोकं वरच्या बाजूला. मग वारा. तलावाकाठी दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारी वारा साधारण तलावाकडून येतो, आणि रात्री जमीन लवकर निवते, म्हणून उलटा वाहतो. रात्री जोराचं वारं सुटण्याचा अंदाज असेल तर ते ज्या बाजूने येणार तिकडे तंबूची पाठ करा. तंबूखालचं प्लॅस्टिक बाहेर डोकावू देऊ नका, सगळीकडून आत दुमडा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली पोचवते. ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर रात्री पहिला मान नणंदेच्या यजमानांचा.

झोपेकडे येते. नवखे लोक अंगावर काय घ्यायचं याचा विचार करतात, थंडी मात्र खालून येते. अंगाखाली दबलेल्या गोधडीतली किंवा स्लीपिंग बॅगेतली हवा निघून जाते आणि जमीन तुमची ऊब सरळ ओढून घेते. साधी हवेची गादी दिसायला ऐसपैस, पण आतली हवा खेळती राहते आणि तीही गार पडते. म्हणून तिच्यावर किंवा तिच्याऐवजी फोमची मॅट हवी. दोन पांघरुणं असतील तर एक अंगाखाली जाऊ दे. स्लीपिंग बॅगेवर बहुधा दोन तापमानं छापलेली असतात, एक ‘कम्फर्ट’ आणि एक ‘लिमिट’. आपल्याला पहिलं बघायचं. दुसऱ्या आकड्याला माणूस आखडून रात्र काढतो, त्याला झोप म्हणत नाहीत. हवामानाचा अंदाज जवळच्या शहराचा बघत असाल आणि तलाव डोंगरात असेल, तर दर १००० मीटर चढाला साधारण ६.५ अंश सेल्सिअस कमी धरा.

झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, मोज्यांसकट, आणि ते दिवसा अंगाला लावायचे नाहीत. दिवसभराच्या कपड्यांत घाम मुरलेला असतो आणि ओल गारठवते. तंबूच्या हवा जायच्या खिडक्या थंडीतही पूर्ण बंद करू नका. तीन माणसांच्या श्वासातली वाफ आत कोंडली की पहाटे पांघरुणं दमट होतात. प्रत्येकाला डोक्याला बांधायचा टॉर्च द्या, मुलांनासुद्धा, आणि झोपताना तो बुटात ठेवायची सवय लावा. बूट तंबूच्या आत. सकाळी घालण्याआधी उलटे करून झटका.

इथे एक गोष्ट मी चढ्या आवाजात सांगणार आहे. थंडी कितीही पडो, तंबूच्या आत शेगडी, गॅसचा स्टोव्ह, निखाऱ्यांची घमेली, काहीही न्यायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, विझत आलेलं असलं तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस त्याने उठतच नाही. पाऊस आला म्हणून तंबूच्या ओसरीत स्वयंपाक करायचा मोहही आवरा. ऊब हवी तर पाणी गरम करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायाशी घ्या.

सासूबाईंचं आता. तुम्ही पत्रात त्यांचं वाक्य लिहिलंत, पण त्यांना नेमकी कसली अडचण वाटते ते विचारलंत का? माझा अंदाज असा की त्यांना तलावाची भीती नाही. रात्री उठावं लागेल, जमिनीवरून उठता येणार नाही, आणि त्यासाठी सुनेला हाक मारावी लागेल, याची आहे. हे तिन्ही प्रश्न सुटण्यासारखे आहेत. घडीची कॉट मिळते, ती उंच तंबूत मावते, त्यावर फोमची मॅट टाका. तंबू स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून घ्या. अगदी शेजारी नको, रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. हात असलेली खुर्ची आणा, बिनहाताच्या खुर्चीतून त्या उठायच्या नाहीत. पार्कमध्ये पक्क्या खोल्या असतील तर एक त्यांच्यासाठी बघा आणि मुलांपैकी एकाला सोबतीला द्या. त्यांची औषधं ठरल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीची घ्या. आणि एवढं सगळं सांगूनही त्या नको म्हणाल्या, तर मात्र ओढून नेऊ नका. ‘अडचण’ हा शब्द कधीकधी सभ्य नकार असतो.

आता पाणी. तुमच्या वेळापत्रकात ‘११ ते १, पोहणे (सर्व)’ असं लिहिलंय. त्या ‘सर्व’ शब्दावर मी लाल पेनाने गोल केलाय. सगळे पाण्यात म्हणजे पाण्यावर लक्ष कुणाचंच नाही. आठ-दहा मोठी माणसं काठावर असताना मूल बुडतं ते यामुळेच, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आणि बुडणं सिनेमासारखं नसतं. आरडाओरडा नाही, हात हलवणं नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं, माणूस श्वास घ्यायला धडपडत असतो, हाक मारायला श्वास उरतच नाही. मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. म्हणून कुणीतरी एक मोठं माणूस पहाऱ्यावर. त्याने पाण्यात उतरायचं नाही, फोन बघायचा नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत. वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना तोंडाने सांगायचं, ‘आता तू’. आम्ही गळ्यात एक शिट्टी अडकवतो. शिट्टी ज्याच्या गळ्यात, पाणी त्याच्या ताब्यात. शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय चहालासुद्धा उठायचं नाही.

तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे, हे पंधरा वर्षांच्या मुलीला वेगळं सांगा, कारण तिला पोहता येत असणार आणि धोका तिलाच जास्त. तळ दिसत नाही. गुडघाभर पाण्यातून एका पावलात गळ्याएवढ्या पाण्यात जाता येतं. वरचं पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं, पण खोल तलावात काही मीटर खाली थंड पाण्याचा थर असतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड, म्हणून गार पाणी तळाशी जाऊन बसतं. अचानक गार पाण्यात पडलं की पहिल्या झटक्याला माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहायला येत असूनही उपयोग नाही. तसं झालंच तर हातपाय मारण्याऐवजी उताणं होऊन तरंगायचं. साधारण मिनिटभरात श्वास ताब्यात येतो. तेव्हा सूर मारून उडी नाही, कुठल्याही खडकावरून नाही. पहिल्यांदा उतरायचं ते चालत, पायाने तळ चाचपत.

हवा भरलेल्या रंगीत ट्यूब आणि गाद्या घरी ठेवा. त्या खेळणी आहेत, जीवरक्षक साधन नव्हे. वारा काठाकडून तलावाकडे असला की ट्यूबवरचं मूल पाच मिनिटांत आवाक्याबाहेर जातं, आणि मागे पोहत जाणारा मोठा माणूस तिला गाठू शकत नाही. माझ्या भाच्याची अशी ट्यूब एका होडीवाल्याने आणून दिली. त्या दिवशी तो होडीवाला तिथे होता, यापलीकडे त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं.

कयाकमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येवो न येवो, आणि ते अंगात, पायाशी ठेवलेलं नाही. मुलांचं जॅकेट तपासायची युक्ती सोपी आहे. पट्टे आवळून दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल खालून निसटेल. धाकट्यासाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा. कयाकची वेळ तुम्ही दुपारी चार टाकलीय. ती सकाळी सातला न्या. तलाव सकाळी आरशासारखा असतो, दुपारनंतर वारा सुटून लाटा उठतात. निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. उलट केलंत तर जाताना फार मजा येते, आणि परत येताना कुणी कुणाशी बोलत नाही.

पाण्यावर हिरवट साय, सांडलेल्या रंगासारखी दिसली तर त्या बाजूला कुणीही उतरायचं नाही, असेल तर कुत्र्यालाही सोडायचं नाही. ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं, आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. एरवी नळ नसेल तर प्यायचं पाणी खळखळून पूर्ण एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वरच्या जागी तीन मिनिटं. भांडी तलावात घासायची नाहीत, अंगालाही तिथे साबण लावायचा नाही. ‘निसर्गाला चालणारा’ असं छापलेलासुद्धा नाही. पाणी बादलीत घेऊन त्याच ८० पावलांवर जा.

आकाशात गडगडलं की पाण्यातून बाहेर, वाद न घालता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. पण गडगडाट ऐकू आला म्हणजेच ती आपल्यावर पडण्याइतकी जवळ आहे, त्यामुळे हा हिशेब मुलांना गुंतवण्यापुरताच. तंबू विजेपासून वाचवत नाही, झाड तर नाहीच. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा.

जेवणाचं मी लांबवत नाही. पहिल्या रात्रीचं घरून तयार न्या, बाकी सगळं एका भांड्यात होईल असं. पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवशी बर्फ करून खोक्यात ठेवा, थंडावा मिळतो आणि वितळल्यावर प्यायला होतात. खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही, मुलांच्या खिशातली बिस्किटंही बाहेर. रात्री तंबू कुरतडणारे उंदीर मी पाहिलेत, त्यांना चेन उघडता येत नसली तरी काही अडत नाही.

शेकोटी मात्र नीट विझवा. लोक वाळू किंवा माती लोटून मोकळे होतात, आणि ते सगळ्यात वाईट. खाली निखारे तासन् तास धगधगत राहतात, वरून काहीच दिसत नाही, सकाळी अनवाणी पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. धग लागली तर पुन्हा.

डासांसाठी डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम घ्या. दिवसा उन्हाचं क्रीमही लावत असाल तर आधी ते, त्यावर डासांचं. मुलांच्या तळहातांना लावू नका, ते हात तोंडात जातात.

राहता राहिला दिवस. तुमच्या यादीत दोन दिवसांत अकरा कार्यक्रम आहेत. रोज सकाळी एक ठेवा, बाकी खोडा. पहिल्या सकाळी कयाक, दुसऱ्या सकाळी पक्षी. ते दोन्ही पहाटेच जमतात, म्हणून ठरवून ठेवायचे. दुपार पूर्ण नणंदेच्या तत्त्वावर सोडा, गेल्यावर बघू. सावली, पोहणं, पत्ते, झोप. तलावाभोवतीची फेरी तर नक्कीच काढा. नकाशावर तलाव छोटा दिसतो, काठाच्या खाचाखोचांनी वाट दुप्पट होते, आणि ११ वर्षांचा निम्म्या वाटेत बसतो. तिथून पुढे जायलाही तेवढंच आणि मागे यायलाही तेवढंच.

नणंदेला मात्र रिकामं सोडू नका. जी व्यक्ती ‘गेल्यावर बघू’ म्हणते तिला मी नेहमी शेकोटी आणि पहिल्या रात्रीचं जेवण सोपवते. त्या दोन गोष्टी खरोखरच गेल्यावर बघायच्या असतात आणि अशा लोकांना त्या छान जमतात. शिट्टीची पहिली पाळीही तिलाच द्या. आणि तिच्याबद्दल नवऱ्याशी जे काही बोलायचं असेल ते निघण्याआधी बोलून घ्या. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता पाण्यावरून वाकत लांबवर पोचतो. पलीकडच्या काठावर कुणाच्या सुनेला काय खुपतंय हे मी अशा कित्येक रात्री शब्दन् शब्द ऐकलंय.

शेवटच्या दिवशी निघायची वेळ तुम्ही नऊ लिहिलीय, ती अकरा करा. दवाने ओला तंबू उन्हात वाळायला तेवढा वेळ लागतो. ओलाच गुंडाळून आठवडाभर माळ्यावर टाकलात तर बुरशीचा वास कायमचा. ऊन पडलंच नाही तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी पसरा, कंटाळा आला तरी. आणि तंबू गुंडाळल्यावर मुलांना खुंट्या मोजायला बसवा. ठोकताना किती होत्या तो आकडा पिशवीवर आधीच लिहून ठेवा. आमची एक दरवेळी कमी भरते.